रंगकामासाठी

कर्नल टीव्हीवर दिसायला लागले त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत मेजरांनी त्यांचा एकही कार्यक्रम चुकवला नव्हता. कामाचा भाग म्हणून बघावं लागतं, असं ते बायकोला सांगत. संध्याकाळी आठ वाजले की ते वेताच्या खुर्चीत बसत, मांडीवर वही घेत आणि कर्नलांच्या चुका टिपत. रणगाड्याची जात चुकीची सांगितली. नदीचं पात्र दुप्पट रुंद करून टाकलं. नदीपलीकडच्या देशाच्या सेनापतीच्या आडनावाची पार वाट लावली. अशा चार वह्या भरल्या होत्या. त्या कुणाला दाखवायच्या होत्या असंही नाही. पण एखादा दिवस कर्नल काहीच चुकले नाहीत, की मेजरांना जेवण जात नसे.

कर्नल त्यांचे साडू. मेजरांची बायको थोरली, कर्नलांची धाकटी. दोघांनीही उभी हयात सैन्यात काढलेली, पण दोघांच्या नोकऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. मेजर तीस वर्षं एका खिडकी नसलेल्या खोलीत बसले. भिंतभर नकाशा, चार टेबलं आणि नदीपलीकडच्या देशातून येणारा कागदांचा ढीग. वर्तमानपत्रं, रेल्वेची वेळापत्रकं, नोकरभरतीच्या जाहिराती, सरकारी नोटिसा. तिकडची भाषा मेजरांना तिकडच्या माणसासारखी येत होती. कुठल्या स्टेशनात मालगाडी रोजच्यापेक्षा जास्त वेळ थांबली, एवढ्यावरून कुठली पलटण कुठे निघाली ते सांगत. एका वर्षी सगळे म्हणत होते की युद्ध होणार. मेजरांनी एकट्याने लिहून दिलं की होणार नाही. झालं नाही. पण न झालेल्या युद्धासाठी कुणाची पाठ थोपटली जात नाही. मेजर मेजरच राहिले, आणि खोलीतलं काही बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असल्यामुळे घरातही गप्प राहिले.

कर्नल पुरवठा खात्यात होते. बूट, डबाबंद अन्न, डिझेल, घोंगड्या. "घोंगड्या मोजता मोजता कर्नल झाले," असं मेजर बायकोजवळ म्हणत. ती म्हणे, "थंडीत घोंगडी लागतेच की हो." मग मेजर विषय बदलत.

निवृत्तीनंतर मेजर एका छोट्या अभ्यास संस्थेत जायला लागले. टायरच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तिथून दर तीन महिन्यांनी एक अहवाल निघे. त्यातली निम्मी पानं मेजरांची असत. एकदा शिपायाच्या स्टुलाखाली त्यांना गेल्या दोन अहवालांचे गठ्ठे दिसले. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती.

आणि तिकडे कर्नल. उंच, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की बसस्टॉपवर "जरा सरका" म्हणाले तरी माणसाला वाटावं, काहीतरी मोठं घडणार आहे. मेजर केस कापायला गेले की सलूनवाला मानेभोवती कापड बांधता बांधता विचारी, "तुम्ही कर्नलसाहेबांचे साडू ना? त्यांना विचारून सांगा ना, यंदा लढाई होणार का? दुकानाला नवे आरसे बसवायचेत, बसवू का थांबू?" मेजर डोळे मिटून घेत. तीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली, तो प्रश्न आपल्याला दुसऱ्याकडे पोचवायला सांगतात, याने त्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. ते होतं सासूबाईंचं.

सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. नदीच्या अलीकडच्या काठावर, सरहद्दीवरच्या गावात एकट्या राहत. चढावरच्या गल्लीत त्यांचं घर. खिडकीतून पलीकडचा काठ दिसे. नवरा गेल्यावर दोन्ही मुलींनी शंभरदा बोलावलं, पण त्या हलल्या नाहीत. गॅसची शेगडी बिघडली, छत गळलं, सरकारी कागद भरायचा झाला, की त्या थोरल्या जावयांना फोन करत. जगात काय चाललंय हे विचारायचं असलं, की धाकट्यांना. दर रविवारी तासभर. "धाकटे कसे समजावून सांगतात," असं त्या थोरलीला सांगत आणि ती भाबडेपणाने ते नवऱ्याला सांगे. खिडकीतून दिसणाऱ्या त्या काठावरची प्रत्येक चौकी, प्रत्येक धक्का मेजरांना तोंडपाठ होता. त्याबद्दल त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. एकदा सासूबाईच म्हणाल्या होत्या, "तुम्ही काही बोलतच नाही हो, मग माणूस विचारणार काय?"

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर पलीकडच्या काठावर रणगाडे येऊन उभे राहिले. मग तोफा आल्या. टीव्हीवर सगळ्या वाहिन्यांनी एकच नकाशा लाल रंगाने रंगवून ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मेजरांच्या दाराची बेल वाजली. दारात कर्नल, बगलेत फाईल.

"ताई नाहीत?"

"लायब्ररीत गेलीय. पाचला येईल."

कर्नल आत आले आणि जेवणाच्या टेबलापाशी बसले. त्या टेबलावर मेजरांचं सगळं दुकान मांडलेलं होतं. तिकडच्या जिल्ह्याच्या पेपरांच्या नेटवरून काढलेल्या छापील प्रती, भिंग, पेन्सिली. कर्नलांनी ते सगळं एकदा बघितलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवला.

"दादा, खरं सांगू? मला काही कळत नाहीये. रोज संध्याकाळी मला उभं करतात आणि विचारतात, लढाई होणार का. मी घोंगड्या मोजलेला माणूस."

मेजर चमकले. तो शब्द कर्नलांच्या कानावर गेला होता की त्यांना स्वतःलाच सुचला, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी चहा ठेवला.

"एक मात्र कळतं," कर्नल मागून म्हणाले. "रणगाडे काय, तोफा काय, कवायतीलाही आणतात. पण माणसं खरोखर मरणार असतील तर आधी खाटा लागतात. रक्त लागतं. इस्पितळं रिकामी करावी लागतात. सामान मी आयुष्यभर हलवलंय, म्हणून सांगतो. ते कुठल्याच वाहिनीला दिसत नाही. तुम्ही तिकडचे पेपर वाचता. इस्पितळांचं काय?"

मेजर कपात चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात राहिलं. चार दिवस ते नेमकं हेच शोधत होते. रणगाडे मोजणारे शंभर. खाटा मोजणारा देशात मी एकटा, असं त्यांना सकाळीच वाटलं होतं आणि बरं वाटलं होतं. आता तेही या माणसाने, कुठली भाषा न शिकता, एकही पेपर न वाचता, बसल्या जागी उचललं. आवाज त्याचा, मिशा त्याच्या, सासूबाईंचा रविवार त्याचा. हेही त्याचंच.

त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि त्याच दिवशीचा जिल्हा पेपर पुढे ओढला. तिसऱ्या पानावर खाली चार ओळींची नोटीस होती. ती त्यांनी सकाळी वाचून बाजूला टाकली होती, कारण तिच्यात काही नव्हतं: जिल्हा इस्पितळातला चाळीस खाटांचा पुरुषांचा वॉर्ड सोमवारपासून रंगकामासाठी रिकामा करण्यात येत आहे, रुग्णांनी शेजारच्या तालुक्यात जावं. उलट तिच्यातून दिसत होतं की तिकडे सगळं निवांत आहे. लढाईच्या तोंडावर कुणी भिंती रंगवायला काढत नाही.

मेजरांनी भिंग घेतलं आणि सावकाश भाषांतर करत वाचलं, "जिल्हा इस्पितळातला चाळीस खाटांचा पुरुषांचा वॉर्ड सोमवारपासून रिकामा करण्यात येत आहे. रुग्णांनी शेजारच्या तालुक्यात जावं."

फाईलवर टिपून घेणारी कर्नलांची पेन्सिल थांबली. "पुरुषांचाच?"

"हो."

"कारण दिलंय?"

मेजरांचं बोट बरोबर त्या शब्दावर होतं.

"नाही," ते म्हणाले.

कर्नलांनी फाईल मिटली. चहा तसाच ठेवून उठले. दारात मेजरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुमचं नाव कुठे घेत नाही, काळजी करू नका."

मेजरांना काय हवं होतं? एवढंच, की कर्नलांनी आठ वाजता देशाला सांगावं, लढाई होणार. आणि दहा-बारा दिवसांनी कवायत संपून रणगाडे गुपचूप परत जावेत. मग सलूनवाला हसला असता, वाहिनीवाले हसले असते, सासूबाईंचा रविवार मोकळा झाला असता. यापलीकडे कुणाचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

आठ वाजता ते खुर्चीच्या कडेवर बसले. निवेदिकेने थेट विचारलं, "कर्नलसाहेब, एका शब्दात सांगा. युद्ध होणार की नाही?"

"मला माहीत नाही," कर्नल म्हणाले.

निवेदिका गोंधळली.

"म्हणजे, तुमचा अंदाज?"

"अंदाज काय, माणसाने घरी बसून बांधावा. इथून मी जे बोलेन ते काठावरची माणसं ऐकतात. नक्की कळल्याशिवाय मी बोलणार नाही. आणि ज्यांना नक्की कळतं, ते इथे येऊन बसत नाहीत."

मेजरांची बायको भाजी चिरता चिरता थांबली. "तुमच्याबद्दलच बोलले हो ते," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मेजरांनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या जिन्यात टायरवाला भेटला. म्हणाला, "काय माणूस आहे तुमचा साडू. टीव्हीवर बसून माहीत नाही म्हणाला. याला म्हणतात खानदानी." मेजर तीस वर्षं गप्प राहिले, त्याला कुणी खानदानी म्हटलं नव्हतं. या माणसाने एक दिवस तोंड मिटलं तर त्याची वाहवा. गप्प राहण्यातसुद्धा तो आपल्यापुढे गेला, या विचाराने त्यांना दिवसभर काही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी बायको फोन ठेवून आली. "अहो, आई येतेय. धाकटे पहाटेच गाडी घेऊन गेलेत तिला आणायला. कुणाला काही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही."

मेजर दाढी करत होते. "का?" त्यांनी आरशात बघत विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

दुपारी सासूबाई आल्या. एक बॅग, एक रेडिओ आणि कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा. कर्नलांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणून त्या थोरलीकडे उतरल्या. कर्नल बॅग ठेवून, पाणीही न पिता स्टुडिओकडे गेले. जाताना त्यांनी मेजरांकडे बघून नुसती मान हलवली, दोन माणसांमधलं काहीतरी असल्यासारखी.

"धाकट्यांना झालंय तरी काय?" सासूबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "म्हणाले, आठ दिवस चला. कारण विचारलं तर तोंड शिवलेलं. मी म्हटलं, नाही येत. तर भर गल्लीत उभे राहिले, डोळ्यांत पाणी. चारचौघांत शोभा नको, म्हणून आले."

"कुणी बघितलं का?" मेजरांनी विचारलं.

"न बघायला काय झालं? अख्खी गल्ली दारात. समोरचा बेकरीवाला म्हणाला, बाई, तुम्ही निघालात? मी म्हटलं, मला विचारू नका, जावयाला विचारा."

 बेकरीवाल्याने काय हिशेब केला असेल हे मेजरांना लगेच दिसलं. टीव्हीवरचा कर्नल म्हणतो माहीत नाही, आणि स्वतःच्या सासूला मात्र गाडीत घालून नेतो. यापेक्षा स्पष्ट बातमी कुठली?

रविवारी संध्याकाळपर्यंत गल्ली निम्मी रिकामी झाली. सोमवारी गावाच्या बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मंगळवारी सगळ्या वाहिन्या तेच दाखवत होत्या: गाद्यांच्या वळकट्या, पिंजऱ्यातला पोपट, बाकावर डोकं टेकून झोपलेली गरोदर बाई. सासूबाईंनी पडद्यावर आपल्या दोन विद्यार्थिनी ओळखल्या. "अगं, ही तर माझी हुशार मुलगी. हिचं ऑपरेशन झालंय गेल्या महिन्यात. ही कुठे निघाली?"

मेजर उठून जेवणाच्या टेबलापाशी आले. ते त्या खिडकी नसलेल्या खोलीत असते, तर त्यांनी आज पहिल्या ओळीत काय लिहिलं असतं? 'काठावरच्या गावातून नागरिक बाहेर काढले जात आहेत.' युद्धाची याहून मोठी खूण नाही. आणि पलीकडेही अशीच एक खोली असणार. तिथेही एक कुणी मेजर असणार, आपली भाषा घरच्यासारखी येणारा, आपल्या बातम्या भिंग लावून वाचणारा. तो आज काय लिहीत असेल?

बुधवारी त्यांनी तिकडचा जिल्हा पेपर उघडला. नोटीस आता पहिल्या पानावर होती. जिल्हा इस्पितळ पूर्ण रिकामं करण्यात येत आहे. चारही तालुक्यांत रक्तदानाची शिबिरं. त्यांनी ती तीनदा वाचली. या वेळी कारण खरोखरच दिलेलं नव्हतं.

दुपारी चार वाजता ते टीव्ही वाहिनीच्या इमारतीत पोचले. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच. कर्नल मेकअपच्या खोलीत होते. अरुंद खोली, आरशाभोवती दिवे, पावडरचे डबे. कर्नलांच्या कॉलरमध्ये कागदी रुमाल खोचलेला होता आणि एक मुलगी त्यांच्या कपाळावर स्पंज फिरवत होती. जवळून बघितलं तर कर्नल म्हातारे दिसत होते.

"जरा बाहेर जाता का?" मेजर मुलीला म्हणाले. ती गेली.

त्यांनी दोन्ही पेपर आरशाखालच्या फळीवर ठेवले. जुन्या नोटिशीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा शब्द मी तुम्हाला वाचून दाखवला नाही. याचा अर्थ, रंगकामासाठी."

कर्नलांनी शब्द बघितला. त्यांना तो वाचता येत नव्हता, तरी बघितला.

"नजरचूक?"

"नाही."

"आणि हा दुसरा पेपर?"

"आजचा. हे खरं आहे. त्यांना वाटतंय आपण लढाईची तयारी करतोय. तुम्ही आईंना आणलंत, गल्लीने बघितलं, गाव उठलं. ते बघून हे."

कर्नल कामाला लागल्यासारखे बोलले. पूल बांधायचं सामान आलंय का? डिझेलच्या मालगाड्या? सुट्ट्या रद्द झाल्यात? मेजरांनी एकेकाचं उत्तर दिलं. नाही. नाही. अजून नाही. तीन-चार दिवस हातात आहेत. दोघं प्रथमच एका टेबलावर बसलेल्या दोन अधिकाऱ्यांसारखे बोलत होते, आणि मेजरांना ते आवडत होतं, याची त्यांना लाज वाटली.

मग कर्नलांनी कागदी रुमाल काढला. "का, दादा?"

मेजरांनी खूप कारणं तयार करून आणली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "मला तुमचा हेवा वाटतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

कर्नल आरशातल्या स्वतःकडे बघत राहिले. "माझा," ते म्हणाले. त्यात प्रश्न होता की आणखी काही, ते मेजरांना कळलं नाही. "मी इथे रोज तुमच्या अहवालातली वाक्यं बोलतो. पाठ करून येतो. तुम्ही ओळखली असतील असं मला वाटत होतं."

मेजरांनी ओळखली नव्हती. ते चुका शोधत होते.

बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केलं. कर्नल उठले. "आईंना उद्या सकाळच्या गाडीने परत घेऊन जा. तुम्ही आणि ताई, दोघंही जा आणि तिथेच राहा. काठावर फिरा, लोकांना दिसा. इकडचं मी निस्तरतो."

"मी येतो कॅमेऱ्यासमोर. मी सांगतो."

"तुम्हाला कोण ओळखतं?" कर्नल म्हणाले. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, आणि म्हणूनच ते मेजरांना जास्त लागलं. "लोकांनी गाव सोडलं ते माझ्यामुळे. परत बोलवायला मीच लागणार."

आठ वाजता कर्नल म्हणाले की मी चूक केली. अर्धवट माहितीवर घाबरलो आणि सासूबाईंना घरातून उठवून आणलं. ते बघून गाव हललं. युद्धाची कुठलीही खूण नव्हती आणि नाही. त्या उद्या घरी परत जात आहेत. निवेदिकेने विचारलं, ही माहिती तुम्हाला कुणी दिली? कर्नल म्हणाले, "कानावर आलं ते तपासायची जबाबदारी माझी होती. मी तपासलं नाही."

मेजरांच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात तिला काही प्रश्न विचारायची गरज पडत नसे. ती उठली आणि आईची बॅग भरायला घेतली.

गाडीत त्यांच्या डब्यात चारच माणसं होती. समोरून येणाऱ्या गाड्या मात्र खच्चून भरलेल्या. गावात उतरल्यावर सासूबाईंनी रिक्षा नाकारली. भर बाजारातून, बंद दुकानांसमोरून, त्या काठी टेकत चालत गेल्या, आणि मागून बॅगा घेऊन मेजर आणि त्यांची बायको. रोज सकाळ-संध्याकाळ तिघं काठावर फेरी मारत. पलीकडून दुर्बिणीतून कुणी बघत असेल तर त्याला एक म्हातारी, तिची मुलगी आणि एक टोपीवाला गृहस्थ दिसावेत, एवढंच मेजरांच्या हातात होतं.

कर्नलांच्या एका कार्यक्रमाने लढाई टळली असं म्हणणं खोटं होईल. दोन्ही राजधान्यांत फोन झाले असतील, आणखी कुणी काही केलं असेल. पण तिसऱ्या दिवशी बेकरीवाला परतला आणि त्याच्या भट्टीचा धूर दिसू लागला. मग ती ऑपरेशन झालेली बाई आली. नवव्या दिवशी रणगाडे आले तसे निघून गेले. अकराव्या दिवशी तिकडच्या पेपरात छापून आलं की जिल्हा इस्पितळ पुन्हा सुरू झालं.

वाहिनीने कर्नलांना घरी बसवलं. घाबरट कर्नल म्हणून त्यांची चित्रं काढली गेली, नकला झाल्या. सलूनवाल्याने आरसे बसवले आणि कर्नलांच्या नावाने बोटं मोडली. दोन आठवड्यांनी, मेजर अजून सासूबाईंकडेच असताना, वाहिनीतून त्यांना फोन आला. कर्नलांनी कधीतरी तुमचं नाव सांगितलं होतं, आठच्या कार्यक्रमाला याल का? मेजर म्हणाले, "उद्या कळवतो."  काय बोलायचं, कुठला कोट घालायचा, इथपर्यंत त्यांचं मन जाऊन आलं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी त्यांना खिडकीपाशी बोलावलं. शेजारी खुर्ची ओढली.

"बसा. इतकी वर्षं मी समोर बघतेय, मला कुणी सांगितलं नाही. तो उंच बुरूज कसला? आणि त्या धक्क्यावर होड्या का नसतात?"

मेजरांनी सांगितलं. शपथेच्या आड न येणारं सगळं सांगितलं. बुरूज कसला, धक्का कधी बांधला, तिथली माणसं काय पेरतात, कुठल्या पेपरात संपादकाचं नगराध्यक्षाशी भांडण आहे. तासभर ते बोलत होते आणि सासूबाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या, मध्येच हसत होत्या.

"मी माणसं ओळखायला चुकले," शेवटी त्या म्हणाल्या. "धाकटे नुसते आवाजाचे. एका अफवेने पळत सुटले. तुम्ही शांत बसून, मला परत आणून, घर लावून दिलंत. आता रविवारी मी तुम्हालाच विचारणार."

मेजरांना जे हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. ते रात्रभर त्या वाक्याची चव घेत पडून राहिले असते तरी त्यांना दोष कुणी दिला नसता. कर्नल कधी बोलणार नव्हते. पण वाक्य ऐकताना त्यांना मेकअपच्या खोलीतला तो म्हातारा चेहरा दिसत होता.

"आई, ती अफवा नव्हती," ते म्हणाले. "ते मीच त्यांना सांगितलं होतं. मुद्दाम खोटं."

त्यांनी सगळं सांगितलं.  बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"तो शब्द कोणता?" सासूबाईंनी विचारलं.

मेजरांनी पलीकडच्या भाषेत तो शब्द उच्चारला. सासूबाईंनी तो शाळेत म्हणून घेतल्यासारखा एकदा म्हणून बघितला.

"एवढासाच?"

"एवढासाच."

 सासूबाई काठी घेऊन उठल्या. "तुम्हाला काय शिक्षा करायची हे मला या वयात सुचत नाही," त्या म्हणाल्या. "माझी ती मुलगी टाके घेऊन दोन दिवस बाकावर बसली होती. तिच्याकडे उद्या जाऊन या. मी सोबत येणार नाही."

"जातो."

"आणि आता फोन लावा धाकट्यांना. आधी मी बोलते, मग तुम्ही."

मेजरांनी नंबर लावून दिला. वाहिनीला नाही म्हणून सांगायचं, हे त्यांनी तेवढ्यात ठरवूनही टाकलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. लोकांसमोर कसं बोलायचं हे आपल्याला येत नाही, आणि ज्याला येतं त्याची जागा आपल्यामुळे कशी रिकामी झाली हे आपल्याला माहीत आहे, एवढंच.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. पलीकडून कर्नल काहीतरी म्हणाले आणि सासूबाई खळखळून हसल्या. तासभर बुरुजाच्या गोष्टी ऐकताना त्या अशा हसल्या नव्हत्या. मेजरांना आत जुन्याच जागी टोचलं. ते तसेच उभे राहिले, फोन आपल्या हातात येण्याची वाट बघत.